माझ्या हातून होता होता राहिलेला घटस्फोट

भांडणं मिटवण्यात माझा हात धरेल असं आमच्या शाळेत कोणीही नाही. ही फुशारकी नाही, माझ्याकडे तसं प्रमाणपत्र आहे! दोन अख्खे शनिवार खर्ची घालून, शाळेच्या वाचनालयात बसून, गार पडलेला पुदिन्याचा चहा पिऊन मी ते मिळवलंय. वर ठळक अक्षरांत छापलंय, ‘टिल्डा ब्रेंडले, इयत्ता दहावी, अधिकृत भांडणमिटवी.’ तीन महिन्यांत मी पाच भांडणं मिटवली. त्यातली दोन तर सुरू होण्याआधीच! (त्या मुली म्हणतात की आमचं भांडण नव्हतंच. पण त्या तसं म्हणणारच.)

तेव्हा ज्या शनिवारी आईबाबांच्या घटस्फोटाची बातमी माझ्या कानावर पडली, त्या शनिवारी अख्ख्या एस्लिंगेन शहरात ती झेलायला माझ्याइतकं लायक माणूस दुसरं नव्हतं.

मी हरवलेला मोजा शोधत पॅसेजमध्ये रांगत होते. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं.

“नाही एकार्ट, हे असं सगळं एकत्र आता नाही चालायचं,” आई म्हणत होती. “वेगळं म्हणजे वेगळं!”

“इतकी वर्षं चाललंच ना?” हा बाबा. तोंडात ब्रेझेल, म्हणजे आमच्याकडचा पीळ दिलेला खारा पाव.

“म्हणूनच ही पाळी आली! सगळ्या बिल्डिंगसमोर माझी मान खाली गेली. तपकिरीकडे तुझं लक्ष म्हणून नाही. हाताला लागेल ते घेतोस आणि सुटतोस पिवळीकडे!”

मी रांगता रांगता थिजले. माझ्या आईचे केस तपकिरी आहेत.

“पिवळी जवळ पडते गं,” बाबा शांतपणे म्हणाला. “जाता-येता सोपं होतं.”

जाता-येता! सोपं होतं! निर्लज्जपणाला काही सीमा?

“हेफेले आजोबांनी फोटो काढलेत तुझे. पिवळीपाशी.”

“मंगळवारचे?”

“मंगळवारचे आणि शुक्रवारचे! आता ते म्हणतात, एक वर्ष. वर्षभर सगळं नीट वेगळं ठेवायचं, ते स्वतः लक्ष ठेवणार. वर्ष निभावलं की सुटलो आपण.”

“सुटलो,” बाबाने सुस्कारा सोडला आणि दुसऱ्या ब्रेझेलला हात घातला.

मोजा राहिला बाजूला. एका पायात मोजा, एक पाय उघडा, अशी मी थेट मारेनकडे पळाले.

मारेन ही माझी मैत्रीण. तिच्या आईवडलांचा घटस्फोट गेल्या वर्षी झाला, त्यामुळे या विषयात तिचा शब्द म्हणजे शेवटचा. तिने सगळं ऐकून घेतलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि डॉक्टरांसारखी मान हलवली.

“एक वर्ष म्हणाले?”

“हो.”

“संपलं. विभक्त राहण्याचं वर्ष! ते पूर्ण झाल्याशिवाय कोर्ट अर्ज मंजूर करत नाही. आमच्याकडेही असंच झालं.”

“पण बाबा अजून घरातच आहे!”

“एका घरातही चालतं. फक्त जेवणाचं टेबल वेगळं, पलंग वेगळा, धुणं वेगळं. बाबा झोपतो कुठे तुझा?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबा कित्येक महिने बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपतोय! म्हणे पाठ दुखते. कपडे स्वतःचे स्वतः धुतो, कारण एकदा त्याने आईचा लोकरी स्वेटर गरम पाण्यात घातला आणि तो बाहेर आला तेव्हा फक्त बाहुलीला बसला असता. दुपारी तो ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवतो, संध्याकाळी आईची गायनमंडळी असते. टेबल, पलंग, धुणं, सगळं वेगळं! आणि मी, अधिकृत भांडणमिटवी, याच घरात राहून काही पाहिलं नव्हतं!

“आणि हेफेले आजोबा?” मी विचारलं. हे आमच्या तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. जिन्यात चप्पल जरी वाजली तरी बाहेर येतात.

“साक्षीदार,” मारेन म्हणाली. “कोर्टात लागतो.”

“आणि पिवळी?”

त्या एका प्रश्नाला तिला उत्तर द्यावं लागलं नाही. जवळ पडते! जाता-येता सोपं होतं! आमच्या कोपऱ्यावर बेकरी आहे, बेकरीत इलोना आहे, आणि इलोनाचे केस कणसासारखे पिवळेधमक आहेत. दर शनिवारी ब्रेझेल आणायला कोण जातं? बाबा! म्हणजे आईशी बोलताना त्याच्या तोंडात होता तो ब्रेझेलसुद्धा पिवळीचाच!

परतताना मी बेकरीत शिरले, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, “तुम्हाला जराही काही वाटत नाही का हो?”

इलोनाचा चेहरा पडला. “वाटतं गं! आज भट्टी जरा जास्तच तापली. सकाळपासून चौथी तक्रार. हे घे, दोन ताजे ने, पैसे नकोत.”

ब्रेझेल गरम होते म्हणून घेतले. तत्त्व म्हणून खाताना मला अजिबात मजा आली नाही. निदान पहिला खाताना तरी.

त्या दुपारी मारेन आणि मी लॅपटॉप उघडून बसलो. घटस्फोटाबद्दल लोकांना नेहमी पडणारे प्रश्न, असं एक पान सापडलं. काय काय विचारतात लोक! दोघांना मिळून एकच वकील चालतो का? (नाही. वकील एकाच बाजूचा असतो. दुसऱ्याने नुसती संमती द्यायची असली, तर त्याला वकील नसला तरी चालतं.) घर कोणाचं? कुत्रा कोणाचा? आणि मग तो प्रश्न आला. मुलं कोणाकडे राहणार?

मी तो तीन वेळा वाचला.

खाली लिहिलं होतं की आईवडलांनी आपसांत ठरवावं, आणि नाहीच जमलं तर कोर्ट मुलांनाही विचारतं. मला विचारणार! आई की बाबा! मला साधं व्हॅनिला की चॉकलेट विचारलं तरी मागची रांग ओरडायला लागते. मारेन एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे राहते आणि तिचं भूगोलाचं पुस्तक नेहमी दुसऱ्या घरी असतं. मला भूगोल आवडतो! मला एकच घर हवं होतं. मोजे हरवायला एकच पॅसेज!

“रडतेस?” मारेनने विचारलं.

“विचार करतेय,” मी म्हणाले आणि नाक पुसलं.

आणि खरंच विचार सुचला! एकदम भन्नाट! वेगळं टेबल, वेगळा पलंग, वेगळं धुणं असेल तरच ते वर्ष मोजलं जातं ना? मग मधेच जर त्यांनी एकमेकांसाठी घरकाम केलं, तर मोजणी परत शून्यावर! दर आठवड्याला मी एकदा वर्ष मोडलं, तर त्यांचा घटस्फोट होईपर्यंत मी म्हातारी झालेली असेन!

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. बाबाच्या धुण्यात आईचे दोन ब्लाउज लपवले. त्याने मशीन लावलं आणि मी फोटो काढला. पुरावा क्रमांक एक! सकाळी मी हाताला पट्टी बांधून बसले आणि कण्हले, “आई गं, माझं मनगट! बाबाच्या ब्रेझेलला लोणी कोण लावणार?”

“बाबाच्या ब्रेझेलला तू कधीपासून लोणी लावायला लागलीस?” आई म्हणाली. पण लावलं! खचाक! पुरावा क्रमांक दोन. सोफ्यावरची उशी मी सरळ आईच्या पलंगावर नेऊन ठेवली. बाबाने ती परत आणली. मी परत ठेवली. त्याने परत आणली. तिसऱ्यांदा तो उशी काखेत धरून, जिन्यात पहारा देणाऱ्या हेफेले आजोबांसारखा दारात उभा राहिला.

“टिल्डा, हे काय चाललंय?”

“काही नाही बाबा. उशांना हवापालट लागतो.”

बारा दिवसांत माझी फाइल जाडजूड झाली. आता एवढंच विचारायचं होतं की हे पुरावे कोर्टात टिकतील का. त्यासाठी वकील हवा. आमच्या शहरात कौटुंबिक कायद्याचे वकील मोजून नऊ. एकाच्या फोटोत करकचून बांधलेला टाय होता, तो बाद. एकीच्या पानावर दोन तुकडे झालेल्या हृदयाचं चित्र होतं, ती बाद. होल्झाप्फेल बाई मात्र जाड भिंगांच्या चष्म्यातून अशा बघत होत्या की यांच्यापुढे माणूस आपणहून खरं बोलेल. ठरलं! त्यांच्या पानावरचा भेटीचा अर्ज मी भरून टाकला. फक्त जन्मसालाच्या खान्यात माझं साल घेईना. मग मी आईचं नाव, आईचं साल, घरचा पत्ता आणि घरचा फोन नंबर टाकला. ईमेल माझाच दिला. गुरुवार, सव्वाचार. तिथे गेल्यावर समजावून सांगू, असा हिशोब.

हिशोबात एकच गोष्ट राहिली. ईमेलवर काहीच आलं नाही. त्यांनी पत्र पाठवलं. छापील, जाड लिफाफ्यातून, शिक्क्यासकट!

ते सोमवारी बाबाच्या हाती पडलं. मला हे नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की बाबा पत्रपेटीपाशी उभा आहे आणि त्याचा रंग उकडलेल्या बटाट्यासारखा झालाय. ‘श्रीमती उल्रिके ब्रेंडले, आपल्या घटस्फोटासंदर्भात’ एवढं लिफाफ्याच्या पारदर्शक खिडकीतूनच वाचता येत होतं. उघडायची त्याची हिंमत झाली नाही, आईला न दाखवता त्याने तो खिशात टाकला. पण लिफाफ्यावर पत्ता होता, फोन नंबर होता, आणि फोन करून त्याने वेळ विचारून घेतली.

आणि बुधवारी त्या ऑफिसातून घरच्या फोनवर आठवण करायला फोन आला. तो आईने घेतला. “होल्झाप्फेल वकिलांकडून बोलतेय. ब्रेंडले कुटुंब ना? उद्या सव्वाचारला घटस्फोटाबद्दल यायचंय.” पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. तिने फोन ठेवला, आणि झालं! तिला वाटलं हे बाबाने ठरवलं. बाबाला वाटत होतं आईने.

त्या संध्याकाळी आई गायनाला गेलीच नाही, आणि जेवताना आमच्या घरी एवढी सभ्यता पसरली की श्वास घेणं मुश्किल झालं.

“मीठ देतेस का, उल्रिके? सवडीने. अगदी हवं तेव्हा.”

“घे ना, एकार्ट. तुझंच आहे.”

“तसं काही नाही. तूही घे. सगळंच घे.”

आई कांदा चिरता चिरता रडत होती. मला ते नेहमीचंच वाटलं असतं, पण त्या दिवशी तिच्यासमोर फळीवर काकडी होती.

गुरुवारी चारला मी फाइल छातीशी धरून होल्झाप्फेल बाईंच्या प्रतीक्षागृहात पोहोचले. एका मोठ्या कुंडीमागे कोणीतरी मासिक वाचत होतं. मासिक उलटं होतं. मासिक खाली आलं आणि मागे आई!

“टिल्डा! तू इथे काय करतेस?”

“मी? मी... शाळेचा प्रकल्प! तू?”

आई काही बोलणार तोच दार उघडलं आणि बाबा आत आला. लग्नातला कोट घातला होता त्याने! बटणं लागत नव्हती.

“म्हणजे खरंच आलीस,” तो आईला म्हणाला.

“मी आले? तू आलास!”

“मी तू आलीस म्हणून आलो!”

“आणि पोरीलाही आणलंस? तिच्यादेखत?”

“मी कुठे आणलं?”

“ब्रेंडले?” आतून आवाज आला. आम्ही तिघंही एकदम उभे राहिलो.

होल्झाप्फेल बाई फोटोतल्यासारख्याच होत्या, फक्त भिंगं आणखी जाड. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, तिसरी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, “आधीच सांगते, मी एकाच बाजूची वकील होऊ शकते. अर्ज कोणाचा?”

“हिचा,” बाबा म्हणाला.

“याचा,” आई म्हणाली.

“मला एकदा तोंडावर सांगायचं होतंस, उल्रिके. मी काय चावलो असतो?”

“मी सांगायचं? लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि मला हे फोनवरून कळतं! एका परक्या बाईकडून!”

होल्झाप्फेल बाईंनी कागद भिंगाजवळ नेला. “अर्जात ईमेल दिलाय, टिल्डा-सर्वांत-भारी...”

पुढचं त्यांनी वाचलं नाही. गरजच नव्हती. सहा डोळे माझ्यावर रोखले गेले. भिंगं धरली तर आठ.

“मी तुम्हाला वाचवत होते!” मी किंचाळले. “सगळं ऐकलंय मी! वेगळं म्हणजे वेगळं! एक वर्ष! हेफेले आजोबांनी काढलेले फोटो! आणि पिवळी! बाबा, इलोना असेल दिसायला चांगली, पण आईसमोर तिला पिवळी म्हणायचं?”

“कोण इलोना?” आईने विचारलं.

“बेकरीतली?” बाबाने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग आईच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मला वाटलं ती कोसळतेय. ती हसत होती!

“पेटी गं!” ती कशीबशी म्हणाली. “पिवळी म्हणजे पिवळी कचरापेटी! हा बटाट्याच्या साली, चहाची पानं, सगळं पॅकिंगच्या कचऱ्याच्या पिवळ्या पेटीत नेऊन टाकतो! ओला कचरा तपकिरीत जायला नको? कचरा नेणाऱ्यांनी आपल्या पेटीवर लाल चिठ्ठी लावली! हेफेले आजोबा म्हणाले, वर्षभर कचरा नीट वेगळा करून दाखवा!”

“पिवळी फाटकाजवळ आहे,” बाबा पुटपुटला. “तपकिरी पार मागे.”

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. गालिचा होता, तोही आखूड. आईबाबा दोघंही हसत सुटले. मीही थोडं हसून पाहिलं.

एकट्या होल्झाप्फेल बाई हसत नव्हत्या. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या.

“गैरसमज दूर झाला, छान. नोंद बंद करायची म्हणून विचारते. आपण दोघं एकाच खोलीत झोपता ना?”

हसणं थांबलं.

“नाही,” आई म्हणाली. “म्हणजे... त्याची पाठ.”

“कपडे?”

“ज्याचे त्याने,” बाबा म्हणाला. “एक स्वेटर होता.”

“जेवण?”

दोघांनी गालिच्याकडे पाहिलं. होल्झाप्फेल बाईंनी चष्मा काढला. “कधीपासून?”

“चौदा महिने,” आई हळूच म्हणाली. तिला महिने पाठ होते!

“मग खरं सांगू का? कागदावर पाहिलं तर तुमचं वर्ष कधीच पूर्ण झालंय. नुसता कचरा नाही, सगळंच वेगळं आहे.”

 मी धडाधड फाइल उघडली. “पण मी ते मोडलंय! हा बघा ब्लाउज! हे बघा लोणी! शून्यावर आलं ना सगळं?”

“नाही गं बाळा,” होल्झाप्फेल बाई म्हणाल्या. “तीन महिन्यांपर्यंत पुन्हा एकत्र नांदून पाहिलं तरी ते वर्ष मोडत नाही. एका ब्रेझेलच्या लोण्याने तर नाहीच.”

बारा दिवस! सत्तेचाळीस फोटो! सगळे लोण्यासकट पाण्यात!

“पण कायदा आणखी एक गोष्ट विचारतो,” त्या आईबाबांकडे वळल्या. “निदान एकाला तरी हा संसार नको असायला हवा. नुसत्या सोफ्याने भागत नाही. तुमच्यापैकी कोणाला नकोय?”

 मी आईकडे पाहिलं. मी बाबाकडे पाहिलं. भांडण मिटवताना मधे बोलायचं नसतं, असं आम्हाला शिकवलंय. खरं तर मला बोलताच आलं नसतं.

“तू सोफ्यावर का गेलास?” आईने शेवटी विचारलं.

“तूच म्हणालीस, पाठीला बरं पडेल.”

“एक आठवडा म्हणाले होते मी! एक आठवडा, एकार्ट!”

“मग परत ये असं कुठे म्हणालीस?”

“ते म्हणावं लागतं?”

“मला काय माहीत! मला वाटलं, तुला ऐसपैस बरं वाटतंय.” बाबा जमीन मोजणी खात्यात आहे. लेखी सूचना आल्याशिवाय तो खुंटाही हलवत नाही. “मी रोज वाट बघत होतो, तू काही म्हणशील.”

“मीही,” आई म्हणाली. “रोज.”

“मला नको नाहीये,” बाबा होल्झाप्फेल बाईंना म्हणाला. आईचे डोळे भरले, आणि तो घाईघाईने तिच्याकडे वळला. “म्हणजे हवंय! हवंय असं म्हणायचंय मला!”

“कळलं रे,” आई म्हणाली, आणि त्याच्या कोटाचं न लागणारं बटण उगाचच लावायला लागली.

त्या दोघांकडे बघून माझे डोळे एवढे वाहायला लागले की मी तडक बाथरूम गाठलं. चांगली अर्धा तास रडले, तोंड धुतलं, नाक शिंकरलं, आरशात पाहून स्वतःचं थोडं अभिनंदन केलं. शेवटी मिटलंच ना? माझं घर शाबूत, भूगोलाचं पुस्तक शाबूत, आई की बाबा हे आता मला कोणी विचारणार नव्हतं! मी झोकात बाहेर आले.

प्रतीक्षागृह रिकामं होतं. होल्झाप्फेल बाई कोट चढवत होत्या.

“आईबाबा कुठेत?”

“गेले की! हातात हात घालून. नदीकाठी जेवायला जायचं म्हणत होते.” त्या जरा थांबल्या. “तू त्यांच्याबरोबर नाहीस?”

मी बाबाला फोन लावला. नदीकाठचा वारा, ताटांचा आवाज, आईचं हसू.

“बोल टिल्डा!” बाबा खुशीत होता. “मी जेवण घ्यायला रांगेत आहे. तू टेबलापाशी आईजवळच आहेस ना?”

आणि मागच्या टेबलावरून आईचा आवाज आला, “म्हणजे? मला वाटलं ती तुझ्याबरोबर रांगेत आहे!”